चित्र आलं, आवाज नाही

चित्र आलं. आवाज नाही.

"थांबा थांबा थांबा! उठायचं नाही हं पप्पा!" तृप्ती ओरडली आणि टीव्हीच्या टेबलामागे घुसली. तिथे वायरींचा नुसता गुंता झाला होता.

टीव्हीवर चौदा वर्षांपूर्वीचे पप्पा होते. सडपातळ, डोक्याला निळा फेटा, हातात माईक. सिडकोतल्या विहारासमोरचं मैदान, जयंतीचा कार्यक्रम, मागे ढोलकी आणि पेटी. पप्पा तोंड उघडत होते, हात वर करत होते, समोरची माणसं उठून नाचत होती. सगळं मुकं.

डिस्क दीपककाकांनी दिली होती. पप्पांची गायन पार्टी तेच चालवतात. देताना म्हणाले होते, "तुझ्या बापाला दाखव. यंदा तरी जयंतीला गायला हो म्हणतो का बघ. रविवारी सहाला येतो मी. तेव्हाही 'बघू'च म्हणाला तर सायखेड्याच्या ओमला गायला सांगणार. मग जन्मात विचारणार नाही त्याला."

तीन वर्षं पप्पा गायले नव्हते. काकांनी फोन केला की म्हणायचे, "बघू." विहारात गर्दीत गाठलं तरी, "बघू." कधी नुसती मान हलवायचे आणि तालमीला जायचेच नाहीत. कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून धनराजला माज आलाय, असं पार्टीतले बोलायचे. आई तर घरातच बोलायची. आत्ताही तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू का?"

पप्पांची नजर टीव्हीवरच.

"बघा! साहेब झालेत ना. बायकोला उत्तर द्यायला तोंड दुखतं."

तृप्तीला मात्र खात्री होती. पप्पांनी एकदा स्वतःचं गाणं ऐकलं की झालं! पण होम थिएटरच्या प्लेअरने डिस्क गिळली, गरगर फिरवली आणि 'नो डिस्क' म्हणून बाहेर काढली. तीन वेळा. मग तिने पलंगाखालचा जुना कॉम्प्युटर ओढून काढला. त्याने पहिल्या फटक्यात डिस्क वाचली. एक वायर टीव्हीला, चित्रासाठी. दुसरी होम थिएटरला, आवाजासाठी. मेकॅनिक नाही, शेजारचा मयूरदादा नाही. दहावीतल्या पोरीने एकटीने!

टेबलामागे तिला चूक सापडली. कॉम्प्युटरच्या पाठीला ओळीने तीन भोकं होती. आवाजाची पिन तिने गुलाबी भोकात घातली होती. ते माईकचं. हिरव्यात हवी होती.

"हत् तिच्या!" तिने पिन उपसली. हिरव्यात घालणार, तेवढ्यात तिचं लक्ष पप्पांकडे गेलं.

पप्पांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. टीव्हीतल्या ढोलकीवाल्याच्या हाताबरोबर, अगदी बरोब्बर. तृप्ती आपल्याकडेच बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. ती काहीतरी ऐकायला थांबलीय, असं त्यांना वाटलं असावं.

"मस्त जमलंय," ते म्हणाले. "फक्त आवाज जरा कमी कर. शेजारचे ओरडतील."

पिन तृप्तीच्या हातात होती.

खोलीत फक्त पंखा वाजत होता. आधी तिला वाटलं, पप्पा गंमत करतायत. पण ते हसले ते गमतीचं हसू नव्हतं. बाईंनी 'समजलं ना?' विचारलं की न समजलेली मुलं वर्गात हसतात, तसं होतं.

मग तिला एकेक आठवायला लागलं. मागच्या वर्षी ह्याच होम थिएटरचा आवाज गेला म्हणून पप्पांनी मेकॅनिक बोलावला होता. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, साहेब, ह्याला काहीसुद्धा झालेलं नाही. त्या दिवसापासून पप्पांनी टीव्ही लावायचंच सोडलं. बँकेतून फोन आला की ते फोन तिच्या हातात द्यायचे. "तू बोल, तुला नीट कळतं." तिला वाटायचं, आपण मोठ्या झालो म्हणून देतात. केवढी मिरवली होती ती मैत्रिणींत!

बावीस वर्षं प्रेस मशीनच्या धाडधाडीत. पेटीच ऐकू आली नाही, तर माणूस गाणार कुठल्या पट्टीत?

पप्पा अजून तिच्याकडे बघत होते. तृप्तीने हात लांब केला आणि होम थिएटरचं बटण हळूच डावीकडे फिरवलं. नसलेला आवाज तिने कमी केला.

"आता?" तिने विचारलं.

पप्पांनी अंगठा दाखवला आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

तेवढ्यात दारात दीपककाका आले. उंबऱ्यातच थांबले. पप्पांची त्यांच्याकडे पाठ होती.

"जय भीम! काय धनराज, काय ठरलं मग? गाणार का नाही?"

पप्पा टीव्हीकडे बघत राहिले.

"बघितलंस?" काका तृप्तीला म्हणाले. "मान वळवायचा पण त्रास होतोय गड्याला. जाऊ दे. लावतो मी सायखेड्याला फोन." आणि त्यांनी पुन्हा चपलेत पाय घातला.

तृप्ती वायरी ओलांडून पुढे आली.

"काका," ती म्हणाली, "समोर येऊन विचारा."