क्लेमच्या शेजारची जागा

"जागा नाहीये गं तिथे," रेलीन म्हणाली.

ग्लेंडाला वाटलं, ही चेष्टा करतेय. दोघी ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या एकाच शाळेतल्या. रेलीन आता दफनभूमीच्या कार्यालयात बसायची आणि मेलेल्यांनाही सोडायची नाही.

"नाही कशी? बाबांच्या दगडाचा अर्धा भाग आईच्या नावासाठी कोरा ठेवलाय. खड्डाही दोघांचा आहे, एकावर एक."

"दोघांचाच आहे. आणि दोघं आहेत त्यात. खाली तुझे बाबा, अडुसष्ट सालचे. वर डोरीन पेनहेल, एकाहत्तर सालची. कोण गं ही?"

ग्लेंडानं रेलीनसमोरची नोंदवही स्वतःकडे ओढली.

"हे बघ, तुझ्या आईला घेऊन ये," रेलीन जरा नरमाईनं म्हणाली. "थडगं तिच्या नावावर आहे. तिच्या सहीशिवाय तिथे कोणी कुदळही लावू शकत नाही."

ग्लेंडा बाहेर पडली. आई, एडना, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिच्या शेवटच्या जागेची व्यवस्था करायची, एवढंच ग्लेंडानं मनाशी धरलं होतं. विषय काढला की एडना उडवून लावायची. "मला कुठेही टाका. कुंपणापाशी टाका. तिथे वारा बरा येतो." ग्लेंडा हसायची. म्हाताऱ्या माणसांचं ते तसलंच बोलणं, असं तिला वाटायचं.

नोकरीतून सुटल्यापासून ग्लेंडाला पूर्वजांचं वेड लागलं होतं. आईकडचे पास्को तिनं पार इंग्लंडातल्या कॉर्नवॉलपर्यंत शोधून काढले होते. तांब्याच्या खाणीत राबून मेलेल्या एकेका पास्कोचा दगड ती ब्रशनं घासायची, फोटो काढायची आणि घरी येऊन आरशासमोर हनुवटी वर करायची. "बघ आई, ही पास्कोंची हनुवटी." एडना खिमा-बटाटा भरलेली पेस्टी ओव्हनमध्ये सरकवत म्हणायची, "असेल बाई."

आता मात्र तिला पास्कोंशी देणंघेणं नव्हतं. ती वाचनालयात गेली आणि एकाहत्तर सालच्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता काढून बसली. डोरीन सापडली. अगदी कोपऱ्यात, चार ओळींत. कै. जॉन पेनहेल यांची एकुलती मुलगी, अविवाहित, वय एकोणतीस, दीर्घ आजारानंतर. अंत्यविधी खाजगी.

अविवाहित. ग्लेंडानं तो शब्द पुन्हा वाचला आणि तिला सगळं कळलं असं वाटलं. म्हणजे बाबांनी बाई ठेवली होती. आणि बाईनं मरतानाही लाज सोडून आईच्या जागेवर हात मारला होता. जॉन पेनहेलचा मोडका दगड तिला ठाऊक होता. पास्कोंचे दगड धुताना ती पाण्याची बादली त्याच्यावर टेकवायची. आजवर तिला त्याचं थोडं वाईट वाटायचं. यापुढे वाटणार नव्हतं.

आईला काही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. रविवारपर्यंत ते टिकलं.

रविवारी मदर्स डे होता. दरवर्षीसारखी पांढरी शेवंती गाडीत होती. मदर्स डेला आधी बाबांचं थडगं आणि मग जेवण, ही या घरची रीत. एडना दगडावरची धूळ झटकायची. फुलं ग्लेंडानं ठेवायची. एडनाचे गुडघे धड होते तेव्हाही ती फुलं लेकीच्याच हातात द्यायची.

एडना घडीच्या खुर्चीत बसली. "बिचारा क्लेम," ती नेहमीचंच म्हणाली. "गव्हाचा ट्रक चालवायचा तो नाकाला रुमाल बांधून. गवत म्हणू नकोस, फुलं म्हणू नकोस, जवळ आलं की शिंका सुरू. लग्नातसुद्धा माझा गुच्छ बाहेर ठेवायला लावला होता त्यानं. ठेव गं फुलं."

"नाही ठेवणार."

एडनानं वर पाहिलं.

"आई, फसवलं गं त्यांनी तुला." ग्लेंडानं शेवंती मागे घेतली. "तुझ्या जागेवर दुसरी बाई आहे. डोरीन पेनहेल. इतकी वर्षं तू हा दगड पुसतेस आणि ती खाली आरामात पडलीय. तिच्या माणसांनी गुपचूप आणून..."

"माणसं कुठली तिला," एडना म्हणाली. "मी ठेवलं तिला इथे. सही माझीच आहे."

ग्लेंडानं सगळा संताप जिच्यासाठी केला तीच शांतपणे रुमालाची घडी घालत होती.

"ती जागा तुझी होती, आई."

"होती ना. पण तिच्याजवळचं एक मी आधीच घेतलं होतं. क्लेमनं घरी आणलं, मी पदरात घेतलं. मग ती गेली तेव्हा माझ्याजवळ द्यायला एवढीच जागा होती."

"काय घेतलं होतंस?"

एडनानं ग्लेंडाच्या हातातल्या शेवंतीकडे बोट केलं.

"क्लेमला फुलं चालत नव्हती, हे तुला शंभरदा सांगितलंय मी. मग दर मदर्स डेला ही तुझ्या हातानं मी कोणाला वाहायला लावत होते, ग्लेंडा?"