बोलघेवडी

लेकीने पुढच्या शिक्षणासाठी मार्केटिंग निवडलंय हे कळताच आत्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि ती आईकडे वळली. "हिला पाठवणार तिथे? लहानपणापासून मूग गिळून बसणारी पोर ही! तिथे दगडालाही बोलतं करणारी माणसं लागतात. त्यापेक्षा हिशेबाचं काहीतरी घे म्हणावं, मान खाली घालून बसता तरी येईल."

आईच्या मनातही तीच धाकधूक होती. तिने लेकीकडे पाहिलं. लेक आत्याकडेच बघत होती.

"आत्या, चष्मा नवा ना? या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नाही घेतलास?"

"त्याचं नाव काढू नकोस! इतकी वर्षं जातेय, पण मेला मोबाइलमधून मान वर करत नाही."

"मग?"

मग काय, आत्याची गाडी जी सुटली ती थांबेना. नव्या दुकानातल्या मुलीने स्वतः आरसा कसा धरला, काळ्या फ्रेममध्ये आपण किती म्हाताऱ्या दिसलो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण कुणीतरी 'बसा' म्हणावं असं हल्ली किती वाटतं, सगळं सांगून झालं. लेक मधूनमधून नुसतं "मग?" म्हणत होती. चहावर साय धरली.

निघताना चपला घालता घालता आत्या आईच्या कानाशी लागली. "खुशाल पाठव गं तिला. कोण म्हणतं ही घुमी? एकदा बोलायला लागली, की दुसऱ्याला तोंड उघडायला मिळेल तर शपथ!"