वाघाचं पांढरं पोट

“बाई, तुमचा विश्वास बसायचा नाय. कुणाचाच बसत नाय.” डावा पाय लांब सोडून, उजव्या मांडीवर थाप मारत सयाजी म्हणाला. “पण वाघ आमच्या डोलीवरनं उडी मारून गेला. त्याचं पांढरं पोट ह्या डोळ्यांनी बघितलं. पोटाला गोचीड व्हते, ते पण मोजले. तीन.”

कुडपणच्या देवळात बसलेली माणसं एकदम खोकली. प्रियदर्शिनीने वही उघडीच ठेवली, पण तिच्यात लिहिलं काहीच नाही.

ती मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेची प्रोग्राम डायरेक्टर. बारा वर्षं डोंगरातली गावं पायी फिरत होती. कुठल्या गावाला नर्सबाई आणि औषधाची खोली द्यायची, ते तिच्या सहीने ठरायचं. एका गावाने तिला आजाऱ्याला डोलीत घालून दवाखान्यात नेल्याच्या अशाच रसभरीत गोष्टी ऐकवल्या होत्या. खोली झाली, आणि आज तिच्यात म्हशीचा पेंढा होता. तेव्हापासून तिचा नियम एकच: डोली वाहणारे पुष्कळ भेटतात, डोलीतून गेलेला माणूस समोर हवा.

कुडपणला खोली हवीच होती. पोलादपूरचा दवाखाना पाच तासांवर, आणि पावसात वाट वाहून जायची. सयाजीची सून दाराला टेकून उभी होती, सहावा महिना सरत आलेला. दिवस भरणार ते ऐन श्रावणात.

पण सयाजीच्या कानावर ‘डायरेक्टर’ हा शब्द पडला होता. मघाशी पायरीवर बूट काढताना प्रियदर्शिनीने आतलं बोलणं ऐकलं होतं. पोलीस पाटील काशीराम दबक्या आवाजात विनवत होता, “नाना, ती पिक्चरवाली डायरेक्टर नाय रे. सरळ बोल.”

“पिक्चर असो नायतर दवाखाना,” सयाजी म्हणाला होता, “डायरेक्टरला शीन लागतो.”

“पण डोलीत होतं कोण?” आता तिने विचारलं.

“व्हता एक. पडला व्हता झाडावरनं. बायकांसारखा रडत व्हता मेला. आता मुंबईला असतो.”

माणसं पुन्हा खोकली. काशीराम आढ्याकडे बघू लागला. सयाजीची बायको बनुबाई मात्र नवऱ्याकडेच बघत होती, दूध उतू जाताना बघावं तशी.

“आणि तुम्ही?”

“मी पुढच्या दांडीला! ह्यांच्यात कुठला एवढा दम?”

“मग वाट सांगा मला. काय काय लागतं?”

सयाजी खुलला. ऐनाच्या झाडाच्या शेंड्याला आग्या मोहोळ लोंबतं, ते सांगितलं. बैलाच्या तोंडाचा ढग सांगितला. सात घारी कशा गोल फिरत होत्या, ते हात फिरवून दाखवलं. “आणि कड्याखालनं जाताना, बाई, कातळातला थेंब बरोब्बर नाकावर पडतो. टप्प!”

“आणि पायाखाली?”

सयाजी पहिल्यांदाच अडला. “पायाखाली? पायाखाली काय बघायचं असतं?”

प्रियदर्शिनीने ओठ दाबले. सकाळपासून पाच तास ती तीच वाट चढून आली होती आणि तिला आठवत होते ते फक्त दगड. गेल्या साली वरंधच्या बाजूला तिने एका डोलीची दांडी वीस पावलं खांद्यावर घेतली होती. त्या वीस पावलांतलं एकेक मूळ अजून तिच्या अंगठ्याच्या लक्षात होतं.

तिने मान खाली घातली आणि लिहायला लागली. बराच वेळ लिहीत राहिली.

“नाना, घालवलीस खोली,” काशीराम पुटपुटला. सुनेने दाराची चौकट घट्ट धरली. सयाजीचा हात मांडीवर होता, पण थाप काही पडेना.

प्रियदर्शिनीने खाली सही केली. “खोली मंजूर. आगोटीच्या आधी, पाऊस लागण्यापूर्वीच, नर्सबाई इथे राहायला येतील.”

क्षणभर कुणाला कळेना. मग बनुबाईने पदराने डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, “बस गो आता खाली. केव्हाची उभी हायस.” काशीरामने टोपी काढून घाम टिपला. सगळं देऊळ एकदम बोलायला लागलं.

“बघा!” सयाजीची छाती परत वर आली. “शेवटाला वाघच कामाला आला. लिवा बाई, लिवा. डोली वाहणाऱ्यांत पयलं नाव माझं.”

“ते खोटं, नाना,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रियदर्शिनी म्हणाली आणि वही त्याच्यापुढे धरली. “वाहणाऱ्याला दगड दिसतात. आभाळ दिसतं ते आत निजलेल्याला. तुमचं नाव मी पेशंटच्या रकान्यात घातलंय.”