डोमाचा कॉम्प्युटर थांबतो

आसगावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी दुपारी डोमाने कॉम्प्युटर गोधडीतून बाहेर काढला, तेव्हा शाळेच्या खिडक्यांना माणसं लटकली होती. पवनीहून ऑटोत, मांडीवर धरून त्याने तो आणला होता. रात्रीच्या नाटकात गाण्यांना साथ हा डब्बा करणार, ही खबर सकाळपासून गावभर फिरत होती.

वीस वर्षं डोमाने झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवला होता, चाली बांधल्या होत्या. मग धान मळताना डाव्या हाताची बोटं यंत्रात गेली. ऑर्गन सुटला, चाली काही सुटेनात. तो पवनीच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसू लागला. एकेक सूर आकड्यांत मांडायचा आणि एका हाताने टाइप करायचा. दोन वर्षं त्याने ते संगीत एकट्यानेच, कानाला हेडफोन लावून ऐकलं होतं.

आज त्याने स्पीकर जोडले आणि कळ दाबली.

आधी ऑर्गन आला, मागून सनई, तबला. आणि मधूनच एक आवाज, जो कोणत्याच वाद्याचा नव्हता. धानाच्या भरल्या बांधीवरून वारा जावा तसा. खिडकीतली कुजबुज बंद झाली.

सत्यवतीबाई गायला उभ्या राहिल्या. त्या वडसाहून आलेल्या, नाटकातली आई. घर सोडून गेलेल्या लेकाला हाक मारणारं गाणं होतं. पहिली ओळ झकास गेली. 'ये' या शब्दावर त्यांनी सूर धरला आणि धरूनच ठेवला. कॉम्प्युटर पुढे निघाला. बाई 'ये' वरच होत्या आणि तबला दुसऱ्या ओळीत जाऊन पोचला. खिडकीत हशा झाला.

बाईंनी गाणं थांबवलं. म्हणाल्या, "डोमाजी, तुमचा डब्बा माह्यासाठी थांबत नाही. मी गाऊ का त्याच्या मांगं धावू?"

नाटक बसवणारे भय्याजी डोमाजवळ आले. गोंदियाचा एक ऑर्गनवाला पवनीला मुक्कामाला होता. गोंदिया फुटून वेगळा जिल्हा झाला, तरी नाटकं अजून फुटली नव्हती. जीप पाठवली तर तो तासाभरात आला असता. चाली डोमाच्याच राहतील, नावही त्याचंच घेऊ, असं भय्याजींनी त्याला हळू आवाजात समजावलं.

डोमाचं लक्षच नव्हतं. तो बाईंच्या गळ्याकडे पाहत होता. वीस वर्षं त्याने वाजवताना तिथंच पाहिलं होतं, स्वतःच्या बोटांकडे कधी नाही. गाणाऱ्याने श्वास घेतला की त्याचं बोट पडायचं. दोन वर्षांत त्याने सगळं आकड्यांत घातलं, फक्त हे राहून गेलं होतं.

"अर्धा घंटा द्या," तो म्हणाला. "मंग खुशाल जीप पाठवा."

आणि तो टाइप करत सुटला. करतोस तरी काय, असं भय्याजींनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने मान वर न करता सांगितलं, "त्याले थांबाले शिकवून राहिलो."

पहिल्या खेपेला कॉम्प्युटर हँग झाला. लोक पांगू लागले. डोमाने घाम पुसला, चुकलेली ओळ शोधली, पुन्हा सुरू केलं. आता प्रत्येक मात्रेला यंत्र स्पेसबारची वाट पाहणार होतं. बोट पडलं तर पुढं, नाही पडलं तर आहे त्याच सुरावर उभं.

"या बाई," तो म्हणाला.

सत्यवतीबाईंनी या वेळी मुद्दामच परीक्षा पाहिली. 'ये' वर त्या इतका वेळ राहिल्या की खिडकीतल्या माणसांनीही श्वास रोखला. डोमाचं बोट हवेत. तो वाऱ्यासारखा सूर बाईंच्या आवाजाखाली तसाच तेवत राहिला. मग बाईंनी श्वास घेतला, बोट पडलं, आणि तबला, सनई, ऑर्गन सगळे त्यांच्या पायाशी येऊन उतरले.

बाई खुर्चीजवळ आल्या. काय करायचं ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "सरका जराशे, डोमाजी. तीस वर्षं झाले, पेटीवाल्याच्या तोंडाकडे पाहून गाऊन राहिली. एकदा माह्या मनानं गाऊ द्या."

डोमा उठला. बाईंनी बोट स्पेसबारवर ठेवलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. घाईच्या जागी त्या रेंगाळल्या. रेंगाळायच्या जागी अशा काही धावल्या की भय्याजींनी मांडीवर थाप मारली. हाकेत विनवणी होती तिथं राग आला, रागातून हसू. असं त्या चालीत काही असेल, हे ती बांधणाऱ्याला कधी सुचलं नव्हतं.

डोमा सतरंजीवर लोकांत जाऊन बसला. आपल्याच गाण्यात आता पुढं काय येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मान पुढं काढून ऐकू लागला.