खंडेनवमीचा माग

बाबा गेल्यावर येवल्यातला पैठणीचा माग विकला, पण त्याची खटखट मी बनवलेल्या मोबाईल गेममध्ये राहिली. आई नाशिकला माझ्याकडे आल्यापासून रोज दुपारी तो गेम लावायची. खेळायची नाही, नुसती ऐकत बसायची. गेल्या महिन्यात आमचा स्टुडिओ एका परदेशी कंपनीने विकत घेतला. गेम फक्त त्यांच्याच कन्सोलवर चालेल, या अटीवर सही करताना आईचा फोन आठवलाही नाही. आज खंडेनवमी. विळी, कात्री, मागाचा उरलेला धोटा देवापुढे मांडून आईने शेजारी फोन ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि गेम उघडला. ‘हा गेम आजपासून या फोनवर चालणार नाही.’ तिने दोनदा दाबून पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच तिने फोनला हात जोडले. “माझंच चुकलं रे. खंडेनवमीला माग चालवतात होय? उद्या दसऱ्याला होईल बघ सुरू.”