वाळवायला लागणारं पाणी

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या चादरी पावसात वाळेनात, म्हणून धुऊन वाळवूनही देणारं मशीन घेतलं. महिन्याभरात त्याचं वाळवणं बंद पडलं. कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येणार, येणार, असं नुसतं चाललं होतं. घरात रेंज मिळते ती फक्त सासूबाईंच्या खाटेजवळच्या खिडकीशी. तिथूनच मी रोज फोनवर ओरडायची, "अहो, दिवसाला चार-चार चादरी निघतात, मी करू तरी काय?"

शेवटी हातखंब्याचा एक मेकॅनिक सापडला. तो आला, पण सासूबाईंचं तेरावं झाल्यावर.

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे. मागचा नळ कोणी बंद केलान?"

"मीच. नळ ठिबकायला लागला तेव्हापासून धुऊन झालं की बंद करते. पाणी वाया कशाला?"

"अहो, ह्याला वाळवायलापण पाणी लागतं, आतली वाफ थंड करायला!" तो हसला. "मग इतके दिवस चादरींचं काय केलंत?"

"पुढे पुढे त्या भिजेनाशाच झाल्या."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सासूबाईंच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच परत यायचा. त्या म्हणायच्या, "तहानच लागत नाही गो हल्ली."