ओळखा पाहू, कोणाचा चष्मा?

बांबूचा पहिला ठोसा घरट्याच्या बुडाला बसला आणि ठकी कावळी किंचाळत उडाली.

साठीची शकू पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. एका हातात चपातीचा तुकडा, दुसऱ्यात मोबाइल. रोज सकाळी ठकी ग्रिलवर येऊन मान वाकडी करायची आणि शकू फोटो काढायची. लोक मोराचे काढतात, पोपटाचे काढतात. या बाईच्या मोबाइलमध्ये नुसते कावळे. कोणी हसलं की म्हणायची, "हसा मेल्यांनो! मला ओळखतात ते. अख्ख्या चारकोपमध्ये माझी खिडकी चुकत नाहीत."

"ए नितेश! पिल्लं आहेत रे त्यात!"

शेजारचा नितेश खिडकीसमोरच्या बदामाखाली, कंपाउंडच्या भिंतीवर बांबू घेऊन चढला होता. डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली.

"म्हणूनच पाडतोय, काकू! माझ्या जान्हवीच्या डोक्याला तीन टाके पडलेत. चोच जरा खाली बसली असती तर डोळा गेला असता पोरीचा!"

"पण तुला कोणी सांगितलं कुठे आहे ते?"

"तुम्हीच ना! काल ग्रुपवर फोटो कोणी टाकला?"

 आठवडाभर नितेश घरटं कुठाय म्हणून दारोदार विचारत होता. शकूने तोंड उघडलं नव्हतं. पण काल तारा नि हँगरनी विणलेल्या त्या घरट्यात तळमजल्यावरच्या दादूंच्या हरवलेल्या चष्म्याची दांडी दिसली आणि तिला राहवलं नाही. 'ओळखा पाहू, कोणाचा चष्मा?' लिहून फोटो टाकून मोकळी झाली. फोटोत बदामाची पानं होती, आणि कडेला तिच्याच खिडकीचं हिरवं ग्रिल. आपल्या हातानेच वाट लावली होती.

"थांब, मी येते! हात लावू नको!"

ती अनवाणी जिना उतरली तोवर घरटं खाली आलं होतं. एक पिल्लू गाडीच्या टपावर फुटलं होतं. दुसरं सिमेंटवर पडून हलत नव्हतं. तिसरं लाल तोंड उघडून तडफडत होतं. शकूने मोबाइल टाकला आणि ते उचललं.

झाडावरून, पाण्याच्या टाकीवरून, केबलवरून कावळे सुटले. किती ते देव जाणे. सगळ्यांत पुढे ठकी. पहिली चोच कपाळात बसली, दुसरीने कानाची पाळी फाडली. रक्त डोळ्यांत उतरलं, शकूला दिसेना.

"काकू, टाका ते पिल्लू खाली!"

"नाय टाकत! जिवंत आहे रे अजून!"

नितेशने उडी मारली, हेल्मेट काढून तिच्या डोक्यात कोंबलं आणि तिला जिन्याखाली ओढलं. मग बोडक्या डोक्याने तिचा मोबाइल आणायला परत गेला. त्याच्या अंगावर एकही कावळा आला नाही. सगळे जिन्याकडे तोंड करून कोकलत होते.

"कमाल आहे यार," तो धापा टाकत म्हणाला. "घरटं मी पाडलं आणि मारतायत तुम्हाला? रोज खायला घालता ना?"

शकूने हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. मूठ उघडली. पिल्लाची मान लोंबत होती. ठकी कठड्यावर येऊन बसली होती, मान वाकडी करून, थेट तिच्या तोंडाकडे बघत.

"तुझं तोंड झाकलेलं होतं रे," शकू म्हणाली. "मला ओळखतात ते."